गुप्त लिपीत पुरलेली मराठीची कालकुपी : महानुभावांनी ती कशी जपली, कोणी उघडली आणि आपल्या घरातल्या जुन्या पोथीचं काय करायचं?

यवतमाळ : कालकुपी हा शब्द अधूनमधून बातम्यांत येतो. एखाद्या शाळेच्या आवारात, विद्यापीठात किंवा इमारतीच्या पायात एक पेटी पुरतात. आत त्या काळातली कागदपत्रं, वस्तू, फोटो ठेवतात. पन्नास-शंभर वर्षांनी पुढच्या पिढीनं ती उघडायची आणि आपण कसे होतो ते पाहायचं, असा हेतू असतो.

आपल्या विदर्भात मात्र एका पंथानं सातशे वर्षांपूर्वी जी कालकुपी केली, तिला ना पेटी होती ना खड्डा. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपल्या आठवणी आधी लिहून काढल्या, त्या हरवल्यावर डोक्यातून पुन्हा लिहिल्या आणि शेवटी अशा लिपीत बंद केल्या की बाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली तरी त्याला अक्षर लागू नये. ती उघडली गेली विसाव्या शतकात. उघडल्यावर आत निघालं ते मराठीतलं सर्वात जुनं गद्य. हे काम करणाऱ्यांत यवतमाळचाही मोठा वाटा आहे, हे आज जिल्ह्यात फार कमी लोकांना माहीत आहे.

आठवणी गोळा कशा झाल्या?

तेराव्या शतकात श्रीचक्रधर स्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला राहत. पंथ पाच अवतार मानतो. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय प्रभू, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर. दत्तात्रेय प्रभूंचं स्थान माहूर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेपलीकडं. उमरखेड, महागाव, पुसद, आर्णी भागातल्या लोकांना हा रस्ता नवा नाही.

स्वामींनी आपला विचार संस्कृतात नाही, लोकांच्या बोलीत सांगितला. त्यांच्यासोबत बाया होत्या, वेगवेगळ्या जातींची माणसं होती. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. साधारण 1274 च्या सुमारास ते उत्तरेकडं निघून गेले. मागं राहिले ते शिष्य, आणि त्यांच्या जवळ राहिल्या फक्त आठवणी. स्वामी कोणत्या गावी थांबले, काय जेवले, कोणाला काय बोलले, कोणावर रागावले, कोणाची समजूत कशी काढली, एवढंच भांडवल होतं.

हे सगळं माणसासोबत निघून जाईल, हे म्हाइंभट नावाच्या शिष्याच्या ध्यानात आलं. पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्या देखरेखीखाली त्यांनी रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी बसून या आठवणी लिहिल्या. सन 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ उभा राहिला. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे हा ग्रंथ तिच्याही आधीचा.

म्हाइंभटांची कामाची रीत आजच्या बातमीदारालाही शिकण्यासारखी आहे. जी घटना घडली, तिथं हजर कोण होतं हे ते आधी पाहायचे. त्या माणसाला गाठून, विचारून, खातरी करून मगच लिहायचे. ऐकीव गोष्टीला जागा नाही. म्हणूनच लीळाचरित्रात नुसते चमत्कार नाहीत. त्यात तेराव्या शतकातली गावं, बाजार, शेती, खाणं-पिणं, भांडणं आणि बाया-माणसांचं रोजचं बोलणं आहे. राजाचा इतिहास शिलालेखात सापडतो, पण साध्या माणसाचा इतका जुना इतिहास मराठीत दुसरीकडं मिळणं कठीण आहे.

ग्रंथच हरवला, मग काय केलं?

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीचं यादवांचं राज्य खिलजीच्या स्वाऱ्यांनी कोसळलं. सगळीकडं धावपळ, लुटालूट. पंथाची परंपरा सांगते की याच धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली.

आज फोन हरवला की आपण म्हणतो, नंबर गेले, फोटो गेले, सगळं गेलं. इथं तर अख्ख्या पंथाची शिदोरी गेली होती. पण एक गोष्ट वाचली होती. रोजच्या पाठामुळं कित्येकांना त्या लीळा तोंडपाठ होत्या. ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात जे होतं, ते त्यांनी सांगितलं आणि ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. यातला एक पाठ हिराइसा या साधक बाईच्या नावानं ओळखला जातो. म्हणजे आज आपण मराठीचा पहिला गद्य ग्रंथ वाचतो, त्यात एका बाईच्या स्मरणशक्तीचा मोठा हिस्सा आहे.

आठवणीतून लिहिलं म्हटल्यावर फरक पडणारच. एकाला एक शब्द आठवला, दुसऱ्याला दुसरा. त्यामुळं लीळाचरित्राच्या पोथ्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. अभ्यासकांना आजही एकेक पाठ ताडून पाहावा लागतो. पण वेगळा पाठ म्हणजे खोटा पाठ, असं समजायचं कारण नाही. चार भावांना आपल्या आजीची एकच गोष्ट विचारली, तर चौघंही थोडी वेगळी सांगतील. गोष्ट खरीच असते, फक्त सांगणारे चार असतात.

गुप्त लिपी म्हणजे नेमकं काय?

एकदा हरवलेलं पुन्हा हरवू नये आणि चुकीच्या हाती पडून त्यात कोणी फेरफार करू नये, ही काळजी पंथाला लागली. चौदाव्या शतकात पंथात सांकेतिक लिप्या वापरात आल्या. सर्वात जास्त चालली ती सकळ लिपी. ती रवळोबास यांनी बसवली असं पंथात मानतात. पुढं सुंदरी लिपी, अंक लिपी, शून्य लिपी अशा कितीतरी आल्या. पंथाच्या वेगवेगळ्या आम्नायांनी, म्हणजे गुरुपरंपरेच्या शाखांनी, आपापल्या लिप्या वापरल्या.

गावातली पोरं ‘च’ची भाषा बोलतात. प्रत्येक शब्दाला ‘च’ जोडून बोलायचं, म्हणजे मोठ्यांना कळत नाही. लिपीचं तत्त्व काहीसं असंच, पण लिहिण्यातलं. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा खूण लिहायची. समजा आपण ठरवलं की ‘क’च्या जागी ‘र’, ‘प’च्या जागी ‘ल’ आणि ‘स’च्या जागी ‘ट’ लिहायचा. मग ‘कापूस’ हा शब्द ‘रालूट’ होईल. (ही सकळ लिपीची खरी किल्ली नाही, फक्त समजण्यासाठीचं उदाहरण आहे.) ज्याच्याजवळ यादी आहे तो रालूट वाचून कापूस म्हणेल. ज्याच्याजवळ नाही त्याच्यासाठी तो नुसता गिचमिड कागद.

लिपी कशासाठी केली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी म्हणतं परकीय आक्रमणाच्या भीतीनं, कोणी म्हणतं पंथाबाहेरच्या विरोधकांमुळं, कोणी म्हणतं उपदेश न घेतलेल्या माणसानं शास्त्र वाचून भलताच अर्थ काढू नये म्हणून. कारण काहीही असो, परिणाम दोन झाले. एक चांगला, एक वाईट.

चांगला असा की पोथी टिकली. उतरवून घेणारा माणूस शिकलेला आणि पंथातलाच असायचा, मनाला येईल तसं बदलायला धजत नसे. त्यामुळं जुन्या मराठीची कितीतरी रूपं तशीच राहिली. पंथ पंजाबात गेला, तिथं त्याला जयकृष्णी पंथ म्हणतात. पुढं तो काबूलपर्यंत पोचला. तिथल्या मठांतही मराठी पोथ्या जपल्या, वाचल्या गेल्या. मराठी न बोलणाऱ्या मुलखात धर्माची भाषा मराठी, असं दुसरं उदाहरण दाखवणं अवघड आहे.

वाईट परिणाम असा की आत काय आहे हे बाहेर कोणाला कळेना. कळत नाही म्हटलं की माणूस तर्क करतो आणि तर्काची अफवा होते. लपवतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असेल, असं लोक बोलायला लागले. शेकडो वर्षं महानुभावांविषयी बाहेरच्या समाजात गैरसमज राहिले, त्यात या कुलूपबंद पोथ्यांचाही वाटा होता. आणि मराठीचं नुकसान असं झालं की आपल्या भाषेचा पहिला गद्य ग्रंथ घरातच होता, पण भाषेच्या इतिहासात त्याचं नावच नव्हतं.

कुलूप कोणी उघडलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली लोकांसमोर आणली. पंथातल्या काही महंतांनीही काळाची पावलं ओळखून अभ्यासकांना पोथ्या दाखवल्या. ही बाजू विसरता येत नाही. आतल्या माणसानं दार उघडल्याशिवाय बाहेरचा कितीही विद्वान असला तरी त्याला आत जाता येत नाही.

यानंतर यवतमाळचं नाव येतं. यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्यांचा ध्यास घेतला. यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेतून हे काम चाललं. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 मध्ये आला. पंथात कोणकोणते ग्रंथ आहेत, कोणी लिहिले, केव्हा लिहिले, याची मांडणी त्यात होती. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या आपल्या जिल्ह्याच्या गावात बसून मराठीच्या इतिहासाचं एक हरवलेलं पान लावलं गेलं.

पुढं नागपूरहून ह. ना. नेने यांनी 1936-37 च्या सुमारास लीळाचरित्र छापलं. 1978 मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. त्यातल्या काही मजकुराला पंथीयांनी हरकत घेतली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. कालकुपी उघडणं सोपं नसतं ते यामुळंच. अभ्यासकासाठी तो ग्रंथ आहे, भक्तासाठी ते देवाचं चरित्र आहे. दोघांचीही बाजू समजून घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठ आणि गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एकेकाळी कोणाला अक्षर न लागणारी पोथी आज भाषेच्या मानाची वस्तू आहे.

जमिनीत पुरलेल्या दोन गोष्टी

पोथी मातीत पुरली असती तर काय झालं असतं? याचं उदाहरण इजिप्त देशात आहे. 1945 साली नाग हम्मादी या गावाजवळ काही शेतकरी शेतात टाकायला सुपीक माती खोदत होते. त्यांना तोंड बंद केलेला मोठा रांजण लागला. आत चामड्याच्या बांधणीची तेरा पुस्तकं निघाली, ख्रिस्ती धर्मातल्या वेगळ्या विचारांच्या लोकांची. चौथ्या शतकात धर्मपीठानं कोणते ग्रंथ वाचायचे याची यादी ठरवली, तेव्हा यादीबाहेरचे ग्रंथ कोणीतरी जपून पुरले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. सोळाशे वर्षं ती मातीत राहिली. पुरणारे कोण, ते का परत आले नाहीत, हे सांगायला एकही माणूस उरला नाही. घरी नेल्यावर त्यातली काही पानं चूल पेटवायला गेली, असंही सांगतात.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. 15 ऑगस्ट 1973 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या लाल किल्ल्यात ‘कालपत्र’ पुरण्यात आलं. स्वातंत्र्यानंतरच्या 25 वर्षांचा इतिहास त्यात होता. पण मजकूर जनतेपुढं ठेवला नव्हता. मग संशय आला की यात फक्त आपल्याच घराण्याची वाहवा असेल. सरकार बदललं आणि 1977 मध्ये जनता पक्षाच्या सरकारनं ते उकरून काढलं. हजारो वर्षांसाठी पुरलेली कुपी पाच वर्षंही जमिनीत राहिली नाही.

दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. पेटी किती मजबूत, खड्डा किती खोल, याला फारसा अर्थ नाही. आत काय आहे हे सांगणारी माणसं आणि त्यांच्यावर विश्वास असलेला समाज, हे दोन्ही असेल तरच ठेवा टिकतो. महानुभावांचा ठेवा टिकला तो पिढीमागून पिढी वाचणारी, पाठ करणारी, उतरवणारी माणसं होती म्हणून.

आपल्या घराशी याचा संबंध काय?

बऱ्याच घरांत आजा-पणज्यानं उपदेश घेतलेला असतो, पुढच्या पिढीत तो सुटतो. कोणी दुसऱ्या मार्गाला लागतं, कोणी शहरात जातं. पोथी मात्र देवघरात किंवा माळ्यावर फडक्यात बांधलेली राहते. कोणाला वाचता येत नाही. मग घर बांधायला काढलं की कोणीतरी म्हणतं, नदीत सोडून द्या. असं करू नका. पोथी महानुभावांची असो, वारकऱ्यांची असो, नाथांची असो, जुने मोडीतले कागद असोत, की बंजारा समाजाची हाती लिहिलेली वही असो, गोष्ट सारखीच आहे.

पोथी सापडली तर एवढं करा.

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच हात लावा. थुंकी लावून पान उलटू नका.

तेल, हळद, डिंक, चिकटपट्टी काही लावू नका. लॅमिनेशन तर बिलकूल नको, पान कायमचं खराब होतं.

ओल आली असेल तर कडक उन्हात वाळवू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा.

स्वच्छ सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत आतली ओल कोंडते आणि बुरशी धरते. वाळवी लागणाऱ्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा.

मोबाईलनं पानापानाचा फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून सरळ. पानांचा क्रम बदलू नका. फोटो एकाच फोनमध्ये ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी ठेवा.

पोथी कोणाची, घरात कशी आली, कोण वाचायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख बोला. म्हाइंभटांनी केलं तेच हे काम.

पोथी पंथाची असेल तर जवळच्या आश्रमातल्या महंतांना दाखवा. वाचता येणारी माणसं तिथं भेटतात. अमरावती विद्यापीठाचा मराठी विभाग आणि रिद्धपूरचं मराठी विद्यापीठ ही विचारायची ठिकाणं आहेत. देशातल्या हस्तलिखितांची नोंद आणि डिजिटल प्रती करण्यासाठी केंद्र सरकारनं 2025 च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर केलं, त्यात एक कोटीहून जास्त हस्तलिखितं घेण्याचा उद्देश सांगितला आहे. नोंद केली म्हणजे पोथी सरकारनं नेली असं होत नाही.

कायदा काय म्हणतो?

पुरावस्तू कायदा 1972 चा आहे. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित 75 वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पुरावस्तूत मोडतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. दारावर येऊन ‘जुनी पोथी, जुनी नाणी विकत घेतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

विहीर, शेततळं किंवा घराचा पाया खोदताना जमिनीत काही लपवलेलं सापडलं, तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. वस्तूची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते. कळवणाऱ्याचा हक्क कायद्यानं नाकारलेला नाही, लपवणाऱ्याचा मात्र जातो. खोदकामात गाडगं, पेटी, मूर्ती, ताम्रपट लागला तर जेसीबी थांबवा, फोटो काढा, तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयात कळवा. घासून-पुसून साफ करू नका, अक्षरं जातात.

काही गावांत शाळेच्या वर्धापनदिनाला कालकुपी पुरायचा विचार निघतो. पुरायला हरकत नाही, पण आत काय ठेवलं त्याची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि शाळेत ठेवा, जागा नकाशावर लिहा, आणि पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. पन्नास वर्षांनी तो लावायचं यंत्रच सापडणार नाही. चांगल्या कागदावरची शाई जास्त टिकते.

आणि पुरण्याआधी गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना बोलतं करा. 1972 चा दुष्काळ, पहिली एसटी, पहिली वीज, कापसाचा जुना बाजार, सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ती पोथी अजून कोणी लिहिलेली नाही.